रविवारची सहल आणि तिथीची पाऊणपट : नेरूळचे रोहित पक्षी पाहायला कधी जावे?



सोमवारी परिपाठ झाला की मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारायचे, "काल रविवारी कोण कुठे गेलं होतं?" पुढच्या बाकांवरून उत्तरं यायची. कुणी मॉलमध्ये, कुणी वॉटर पार्कला, कुणी लोणावळ्याला. मागच्या बाकांवरून हळूच आवाज यायचा, "कुठेच नाही, बाई." असं सांगताना त्या मुलांची मान खाली जायची. पुढे 'मी पाहिलेले एक ठिकाण' असा निबंध दिला, तर याच मुलांनी गाईडमधली घारापुरी जशीच्या तशी उतरवून आणली. त्यातल्या एकानेही घारापुरी पाहिलेली नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं की चूक मुलांची नाही. फिरायला जायचं म्हणजे लांब जायचं, तिकीट काढायचं, पैसे खर्च करायचे, असं आपणच त्यांच्या मनात भरवून दिलंय. खरं तर आपल्या नेरूळमध्येच पाहण्यासारखं किती आहे! वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, सेक्टर २१ मध्ये रॉक गार्डन आहे, टेकडीवर बालाजीचं मंदिर आहे, पाम बीच रोडच्या कडेला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा फेरफटका आहे. पण आज मी तुम्हाला एका वेगळ्या सहलीबद्दल सांगणार आहे. ही सहल जवळजवळ फुकट आहे. तिला फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ साधणं. आणि ती वेळ काढायला पाऊणकीचा पाढा यावा लागतो!

आमची फसलेली सहल

फेब्रुवारीतला रविवार होता. सीवूड्सच्या बाजूला डीपीएस तलाव म्हणून ओळखलं जाणारं तळं आहे, तिथे फ्लेमिंगो येतात हे ऐकून होतो. मुलीला घेऊन, डब्यात दडपे पोहे भरून, आम्ही सकाळी दहाला तिथे पोहोचलो. पाहतो तर काय, तळ्यात पाणी आहे पण पक्षी नाहीत! दोन-चार बगळे तेवढे उभे. मुलगी रडवेली झाली. "आई, तू तर म्हणालीस गुलाबी पक्षी असतात!"

तिथे सारसोळे गावातले एक वयस्कर कोळी काका उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "बाय, आज पंचमी हाय. आता ओहोटी लागली, पक्षी खाडीत चरायला गेले. साडेतीनच्या पुढे या." मी विचारलं, "तुम्हाला वेळ कशी कळली?" तर म्हणाले, "तिथीची पाऊणपट करायची, झालं!"

आम्ही घरी गेलो, जेवलो आणि साडेतीनला परत आलो. थोड्याच वेळात खाडीकडून एकामागून एक थवे येऊ लागले. चारच्या सुमारास सकाळचं तेच रिकामं तळं गुलाबी झालं होतं. मुलगी किती तरी वेळ बोललीच नाही, नुसती पाहत राहिली.

पक्षी ये-जा का करतात?

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. ओहोटीला ठाणे खाडीचं पाणी मागे सरकतं आणि चिखलाचे मोठमोठे पट्टे उघडे पडतात. या चिखलात आणि उथळ पाण्यात रोहितांचं खाणं असतं, बारीक शेवाळ आणि छोटे जलजीव. म्हणून ओहोटीला ते खाडीत चरत असतात. भरती आली की हे पट्टे पाण्याखाली जातात. मग चरायलाही जागा नाही आणि उभं राहायलाही नाही. तेव्हा हे थवे खाडीकाठच्या उथळ पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ जागा अशाच आहेत. म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आणि तळं ही त्यांची ओसरी, असं समजा.

म्हणूनच घड्याळात दहा वाजले की चार, याला काही अर्थ नाही. भरती कधी आहे, याला अर्थ आहे.

तिथीची पाऊणपट म्हणजे काय?

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आपल्या तिथ्या चंद्रावरच मोजलेल्या आहेत. त्यामुळे तिथी कळली की भरती कळते. कोकण किनाऱ्यावरची जुनी माणसं सोपा हिशोब करतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचं. जे उत्तर येईल, तेवढ्या वाजता पूर्ण भरती.

उदाहरणं पाहू :

पंचमी : ५ × पाऊण = पावणेचार
षष्ठी : ६ × पाऊण = साडेचार
दशमी : १० × पाऊण = साडेसात
द्वादशी : १२ × पाऊण = नऊ
पौर्णिमा किंवा अमावास्या : १५ × पाऊण = सव्वाअकरा

शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे हेच उत्तर ढोबळमानाने सकाळ-संध्याकाळ किंवा दिवस-रात्र दोन्हीला चालतं. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमच्या फसलेल्या सहलीचा हिशोब आता तुम्हीच करा. पंचमीला भरती पावणेचारला, मग सकाळची ओहोटी साडेनऊच्या आसपास. आम्ही दहाला जाऊन उभे राहिलो होतो!

हा हिशोब मिनिटाला पक्का नाही. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. पण मुलांना आधी पाढ्याने वेळ काढू द्या, मग मोबाइलशी ताडून पाहू द्या. पाऊणकी कशाला शिकायची, हा प्रश्न माझ्या वर्गात त्यानंतर कुणी विचारलेला नाही.

आणखी एक बारकावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. भांगाच्या दिवसांत खाडीतला काही चिखल उघडाच राहू शकतो, तेव्हा तळ्यावर पक्षी कमी दिसले तर निराश होऊ नका. उधाणाला थवे मोठे येतात, पण भरती ऐन दुपारी असते आणि लहान मुलांना ऊन सोसत नाही. म्हणून माझ्या अनुभवाने पंचमी-षष्ठीची दुपार किंवा एकादशी-द्वादशीची सकाळ सगळ्यात बरी. भरतीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे थवे उतरताना दिसतील.

काय काय पाहाल?

साधारण नोव्हेंबर ते मे या काळात इथे रोहित दिसतात. त्यातले पुष्कळसे गुजरातमधल्या कच्छच्या बाजूने येतात. आपल्याकडे दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंच, फिकट गुलाबी, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका, रंगाने जास्त गडद आणि चोच काळपट लाल.

मुलं हमखास विचारतात, "ते गुलाबी का असतात?" उत्तर त्यांच्या खाण्यात आहे. शेवाळात आणि छोट्या जलजीवांत जी रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतः राखाडी-पांढरं असतं, गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. थव्यात एखादा मळकट राखाडी पक्षी दिसला तर तो आजारी नाही, लहान आहे!

खाताना नीट पाहा. रोहित मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीतल्या गाळणीत खाणं अडकतं. घरी आपण चहा गाळतो, तसंच.

ही सहल टिकेल का?

आता थोडं गंभीर बोलू. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं गेलं आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. पण नेरूळची ही विसाव्याची तळी त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलाव जवळजवळ कोरडा पडला होता. खाडीतून भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या. त्या दिवसांत काही रोहित मेले, काही जखमी सापडले. इथल्या रहिवाशांनी आणि पक्षीप्रेमींनी सतत पाठपुरावा केला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

यातून मुलांना काय सांगायचं? तळं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट हा तळ्याचाच भाग आहे. वाट बुजली तर तिथी तीच राहील, पाढाही तोच राहील, खाडीत भरतीही येईल, पण तळ्यावर पक्षी उतरणार नाहीत. मग ज्या घरांना वॉटर पार्कचं तिकीट परवडत नाही, त्यांची ही हक्काची सहलही जाईल.

जाताना लक्षात ठेवा

१. पाण्याची बाटली, टोपी, वही-पेन्सिल आणि डबा घ्या. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी पक्षी दिसतात.
२. काठावरूनच पाहा. चिखलात उतरू नका, पाय रुततो.
३. दगड मारू नका, आरडाओरडा करू नका. विसाव्याला आलेला थवा उठला की त्याची ताकद फुकट जाते.
४. पाव, चिवडा असं काही टाकू नका. ते त्यांचं अन्न नाही.
५. डब्याचा कचरा घरी परत आणा.

करून पाहा

१. घरातल्या दिनदर्शिकेत येत्या रविवारची तिथी शोधा आणि भरतीची वेळ काढा.
२. या रविवारी पंचमी असेल, तर पुढच्या रविवारी साधारण कोणती तिथी येईल? मग सहल सकाळी काढाल की दुपारी?
३. थव्यातले दहा पक्षी मोजा. तेवढ्या दहा-दहाच्या किती जागा भरतात ते पाहून एकूण अंदाज बांधा.
४. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी घराजवळ पाहण्यासारखं काय होतं? आज ते आहे का?

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावाला खाडी नसेल, पण ओढा असेल, माळ असेल, आठवडी बाजार असेल. तिथेही "कधी जायचं आणि का" असा एक प्रश्न नक्की सापडेल. तो मुलांच्या हाती द्या.

मी आता सोमवारी "कोण कुठे गेलं होतं?" असं विचारत नाही. विचारते, "काल भरती किती वाजता होती?" पहिला हात मागच्या बाकावरून वर येतो. सारसोळ्याचा तो मुलगा पाढा न म्हणताच वेळ सांगतो, कारण त्याच्या घरी रोज त्यावरच होडी निघते. 'मी पाहिलेले एक ठिकाण' हा निबंध या वर्षी त्याने स्वतःच्या मनाने लिहिला. दीड पान.

येत्या रविवारी जाऊन या आणि काय पाहिलं ते आपल्या वहीत जरूर लिहा.