गोदाकाठचे परभाषी पाहुणे

नांदेडच्या वजिराबादेत एखादी गृहिणी दुकानदाराशी हुज्जत घालते, तेव्हा ‘वजीर’, ‘आबाद’, ‘दुकान’ नि ‘हुज्जत’ ही सारी मंडळी अरबी-फारसी घराण्यातली आहेत, हे तिच्या गावीही नसते.

मराठीने हे शब्द घेतले खरे, पण आपल्या मर्जीने वाकवले. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे मोडणे, हार. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो ती जिंकण्यासाठी! अरबी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. आपल्या तालमीत निघतात दंड-बैठका. ‘रजा’ म्हणजे मूळचा होकार. कचेरीतले साहेब तो देतील तेव्हा खरा!

शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मराठवाड्यावर मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. सरकारी दप्तर उर्दूत. हैदराबादेत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही तेव्हा उर्दूतच.

अंमल गेला. शब्द तोंडात राहिले, लिपी मात्र विसरली. त्याची किंमत २०२३ मध्ये कळली. मराठा-कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, नि निजामकाळचे कागद बाहेर निघाले. कुठे उर्दू, कुठे फारसी, कुठे मोडी! ‘वारस’, ‘दाखला’, ‘नक्कल’ हे शब्द नातू सहज बोलतो. पण पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते वाचायला त्याला जाणकार शोधावा लागतो. अन् दाखला मिळायचा तो त्याच एका ओळीवर.