चाकातलं चमचाभर पाणी

पाण्यावरचं बिऱ्हाड : लेखांक ९

आज इंग्लंडमधल्या ब्रिंडलीच्या कालव्यांवरच्या सात फुटी लॉकमध्ये शिरायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. सांगलीहून आलेलं एक पत्र मंगळवारपासून टेबलावर आहे आणि त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

पत्रलेखक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची कामं करतात. ते लिहितात, “तुमच्या कॅरॅव्हानचा डबा पाण्यावर तरंगतो कसा, कलंडत का नाही, ते कळलं. पण त्याची चाकं काढत नाहीत म्हणता. मग दिवसभर पाण्यात राहिलेल्या बेअरिंगचं काय होतं? २०१९च्या पुरात आमच्याकडच्या ट्रॉल्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर मस्त चालल्या. महिन्याभराने एकेक चाक ओरडायला लागलं.”

पत्र वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. आठ आठवडे मी फायबरग्लासच्या तळाबद्दल, उघडणाऱ्या छताबद्दल, बाकाचा पलंग कसा होतो त्याबद्दल लिहितोय. ज्यावर सगळं अडतं ती जागा या गृहस्थांनी बरोबर दाखवली. इतकी वर्षं या गाड्यांच्या नादात काढल्यावर माझं ठाम मत झालंय की तरंगणाऱ्या कॅरॅव्हानचं आयुष्य तिच्या तळावर ठरत नाही, चाकाच्या हबमध्ये भरलेल्या मूठभर ग्रीसवर ठरतं.

मला हे कळलं ते इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्सच्या तळ्यांवर. नॉटिंगहॅमहून बोटीचा ट्रेलर ओढत तीन तास गाडी हाकली होती. ए-१७ हा रस्ता सपाट शेतांमधून जातो, पण चौकाचौकाला ब्रेक लागतो. दुपारी हिकलिंगला पोचलो. पाणी दिसल्यावर कोण थांबतंय! ट्रेलर मागे घेत सरळ उतारावरून पाण्यात घातला. चाकं बुडाली तेव्हा चुर्रर्र असा बारीक आवाज आला आणि हबभोवती बुडबुडे उठले. मला वाटलं, टायरच्या रिमात अडकलेली हवा असेल. तीन आठवड्यांनी परतताना किंग्ज लिनच्या अलीकडे मागून करपल्याचा वास आला. उतरून बघतो तर डाव्या चाकाच्या हबचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. टोपण काढलं तर आत ग्रीस नव्हतंच. दुधाच्या चहासारखं पातळ काहीतरी होतं, ते बोटांवरून ओघळलं.

आता तो बारीक आवाज काय होता ते बघू. तीन तास चालून, ब्रेक लावून हब तापतो. धरू या, ६० अंश. आत बेअरिंगांच्या मधल्या पोकळीत ग्रीस असतं तशी थोडी हवाही असते, तीही ६० अंशांवर. हब १५ अंशांच्या पाण्यात गेला की ही हवा काही क्षणांत थंड होते आणि आकसते. शाळेतला वायूचा नियम लावा. ३३३ केल्विनवरून २८८वर आलो, म्हणजे दाब साडेतेरा टक्क्यांनी उतरला. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. पाण्याच्या भाषेत तो जवळजवळ १.४ मीटर खोलीचा दाब आहे. चाक बुडालंय जेमतेम गुडघाभर पाण्यात, पण ऑइल सीलला वाटतं आपण त्याखेरीज आणखी साडेचार फूट खाली उभे आहोत. आणि साध्या ऑइल सीलची रबरी ओठी बसवलेली असते ती आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरून कोणी ढकललं तर ती जरा उचलते आणि वाट देते. आत ४० मिलीलिटर हवा असेल तर साधारण पाच मिलीलिटर पाणी शिरतं. एक चमचा.

आता सांगलीच्या ट्रॉल्यांकडे या. त्यांचे हब थंड होते, मग हवा आकसायचा प्रश्न नाही. पण पुराचं पाणी खोल होतं. माझ्या तापलेल्या हबने जो दाब थंडीतून ओढवून घेतला, तोच ट्रॉलीच्या सीलवर पाण्याच्या उंचीने आला, आणि तोही दोन मिनिटं नाही, दिवसचे दिवस. कारणं दोन, चमचा एकच.

मग चाक महिन्याभराने का ओरडलं? टेपर बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, कधी उजेडात तिरका धरून बघा. पाणी शिरून नुसतं उभं राहिलेलं बेअरिंग असेल तर कपाच्या आतल्या चकचकीत पट्ट्यावर ओळीने काळपट डाग दिसतात, एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर. ते अंतर रोलरांचं. प्रत्येक रोलर जिथे टेकून उभा होता तिथे पाण्याचा थेंब धरून राहिला आणि त्याने पोलाद खाल्लं. नखाला जाणवणारही नाही इतका तो डाग उथळ असतो, म्हणून चाक आधी मस्त फिरतं. पण भार घेऊन प्रत्येक फेऱ्यात रोलर त्याच डागांवरून जातात. कडा तुटतात, बारीक कपच्या निघतात, त्या ग्रीसमध्ये मिसळतात आणि मग चाक बोलायला लागतं. तोवर दुखणं जुनं झालेलं असतं.

बोटीच्या ट्रेलरला यावर सोपा इलाज आहे. उताराच्या वर गाडी उभी करायची, चहा प्यायचा आणि हबवर तळहात आरामात टिकला की मगच पाण्यात जायचं. ट्रेलर पाण्यात दोन-तीन मिनिटं असतो, तेवढ्याने भागतं. दिव्यांचा प्लगही तेव्हाच काढून ठेवावा, तापलेला बल्ब थंड पाण्यात फुटतो. पण आपल्या डब्याचं तसं नाही. त्याची चाकं त्याच्याबरोबर तळ्यावर जातात आणि रात्रीही पाण्यातच झोपतात.

म्हणून किएलच्या सीलँडरचं मला एवढं कौतुक. डॅनिएल श्ट्राउब यांच्या या डब्याच्या देखणेपणाबद्दल लेखांक ४मध्ये लिहिलंच आहे, पण खरी खुबी वजनात आहे. तो ७५० किलोच्या आत बसतो, आणि जर्मनीत तेवढ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. कायद्याची ही सवलत पाण्यात वरदान ठरते. ब्रेक नाही म्हणजे गंजायला ड्रम नाही, पाणी धरून बसायला लायनिंग नाही आणि हब तापवणारी सगळ्यात मोठी भट्टीच नाही. सत्तरच्या दशकात असे तरंगणारे डबे बनवणाऱ्या इंग्रज कारागिरांनी त्यांत घराच्या सगळ्या सोयी कोंबल्या. प्रत्येक सोयीचं वजन शेवटी चाकावर येतं, आणि चाक पाण्यात जायचं आहे.

अँफिकारवाल्यांनी तर हे दुखणं उघड मान्य केलं होतं. १९६१पासून १९६५पर्यंत जर्मनीत बनलेली ही पाण्यावरही चालणारी मोटार पाण्यातून बाहेर काढली की तेरा ठिकाणी ग्रीस भरावं लागे, आणि त्यातल्या एका जागेसाठी मागची सीट उचलावी लागे. लोक हे तिच्या खोडीसारखं सांगतात. मला त्यात कारखान्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

आणखी एक उपाय आहे तो स्प्रिंगच्या टोपणाचा. साध्या डस्ट कॅपच्या जागी हे बसतं. आत स्प्रिंगने दाबलेली चकती असते, मागे ग्रीस. त्यामुळे हबमध्ये बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त दाब कायम राहतो, चौरस इंचाला साधारण तीन पौंड. पाण्यात मोजलं तर दोन मीटर. मघाचे १.४ मीटर आठवा. हिशेब नेमका जुळतो, आणि हब ग्रीसने भरलेला राहिला की आकसायला हवाच उरत नाही. सावध राहायचं ते ग्रीसगन हातात असताना. चकती बाहेर सरकली की थांबायचं. उत्साहाने आणखी दोन दाब दिले तर मागचं सील सुटतं आणि ब्रेक असेल तर ग्रीस थेट लायनिंगवर जातं.

ग्रीसही बघून घ्यावं. सोडियमवालं पाण्यात विरघळतं, ते इथे नकोच. जुनं कॅल्शियमचं पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेला हरतं. पाण्यात जाणाऱ्या चाकाला कॅल्शियम सल्फोनेटचं भरावं. जुन्यावर नवं थापू नये. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी दोन्ही पातळ होतात. रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग भरा.

तेव्हा सांगलीच्या मित्रा, तुमच्याकडे ज्या ट्रॉल्यांची चाकं पुरानंतर अजून उघडलीच नाहीत, त्यांच्या आवाजाची वाट बघू नका. जॅक लावा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवा. कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी बोटांना खरखर कळते. टोपण काढून ग्रीस चहाच्या रंगाचं दिसलं तर आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदला, नुसता कोन नको. डाग असतात ते कपावर. आणि जुना कप फेकून देऊ नका. त्यावरचे डाग ओळीने, सारख्या अंतरावर आहेत का ते बघून मला कळवा.