जाफन्याची आगगाडी

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबो हे त्या देशातील सर्वांत मोठे शहर आहे. जाफना मात्र अगदी उत्तर टोकाला. दोहोंमधील अंतर सुमारे ४०० किलोमीटर. हा लांबचा लोहमार्ग १९०५ साली पूर्ण झाला, आणि १९५६ साली त्यावरून ‘याळ देवी’ ही जलद गाडी धावू लागली. जाफन्याचे कितीतरी तमिळ लोक कोलंबोत नोकरी करीत. सणावारी त्यांना घरी पोहोचविणारी हीच गाडी होय.

१९८३ साली देशात यादवी युद्ध पेटले. १९९० च्या जून महिन्यापासून वावुनिया या गावापलीकडे गाडी जाईनाशी झाली. पुढे तेथील रूळ आणि स्लीपर उखडले गेले. लढणाऱ्यांनी ते खंदक मजबूत करण्यासाठी वापरले. स्थानके भग्न झाली. मार्गावर रान माजले. जाफन्यात एक पिढी आगगाडीची शिटी न ऐकताच वाढली.

२००९ च्या मे महिन्यात युद्ध थांबले. परंतु लगेच रूळ घालता येईनात, कारण जमिनीत सुरुंग पेरलेले होते. म्हणून पहिले काम सुरुंग शोधून काढण्याचे. वीतवीत जमीन तपासावी, मगच कुदळ मारावी! त्यानंतर रान तोडून मातीचा भराव पक्का केला गेला आणि पूल बांधले गेले. भरावावर खडीचा थर आला. ही खडी गाडीचा भार सर्वत्र पसरविते आणि पावसाचे पाणी वाहून जाऊ देते. खडीवर स्लीपर व त्यांवर रूळ, असा हा क्रम असतो.

ओमान्तैपासून उत्तरेचा मार्ग ‘इरकॉन’ या भारत सरकारच्या कंपनीने बांधला. त्यासाठी भारताने कर्ज दिले. श्रीलंकेतील रुळांची रुंदी भारतातील रुंद मार्गाइतकीच, म्हणजे १६७६ मिलिमीटर असल्याने भारतीय अभियंत्यांना हे काम परके नव्हते.

२०१३ साली गाडी किलिनोच्चीस पोहोचली. पुढे, जेथे घनघोर लढाया झाल्या होत्या त्या एलिफंट पासची चिंचोळी वाट ओलांडून, १३ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘याळ देवी’ जाफन्यास आली. चोवीस वर्षांनी आलेली ही गाडी पाहण्यास लोकांची गर्दी लोटली.

रूळ जुळले म्हणजे युद्धाच्या सर्व जखमा भरल्या असे नव्हे. तरीपण दुरावलेल्या माणसांना एकमेकांच्या दारी जाण्याची वाट मोकळी झाली, हे काही थोडे नव्हे.