उसवता येणारा बूट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा गटई स्टॉल आहे. सात वर्षं वापरलेले बूट घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा टाचेचं रबर एका बाजूने पार झिजलं होतं आणि चवड्याखालचा तळ इतका पातळ झाला होता की रस्त्यावरची खडी पायाला टोचायची. स्टॉलवरच्या काकांनी एक बूट हातात घेतला, उलटा केला आणि तळाच्या कडेने अंगठ्याचं नख फिरवलं. बाकी काही बघितलंच नाही.

"हा चिकटवलेला नाही दादा, शिवलेला आहे. उसवतो. खाली नवा तळ बसेल."

रापीने कडेचे टाके कापत कापत त्यांनी जुना तळ सोलून काढला. आत बुचाच्या भुग्याचा थर होता, सात वर्षं दाबला जाऊन काळा पडलेला. त्यात माझं पाऊल उमटलं होतं. टाचेचा गोल खळगा, अंगठ्याखालचा खोल ठसा, आणि डाव्या बुटात बाहेरच्या अंगाला स्पष्ट उतार. चालताना माझा डावा पाय बाहेर कलतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. काकांनी तो थर खरवडून नवा भरला, वर रबराचा तळ ठेवला, आणि आरीने, मेण लावलेल्या दोऱ्याने, पट्टीच्या जुन्याच छिद्रांतून टाका घालत गेले. दोन्ही बुटांना मिळून अख्खी दुपार गेली. वरच्या चामड्याला कुणी हातही लावला नाही.

काकांचं नख ज्या पट्टीवर थांबलं, तिला वेल्ट म्हणतात. बुटाच्या कडेने फिरणारी, जेमतेम बोटभर रुंदीची चामड्याची पट्टी. बुटाची सगळी गोष्ट तिच्यात आहे. या पट्टीतून दोन वेगवेगळ्या शिवणी जातात. पहिली आडवी आणि आतली: ती बुटाचं वरचं चामडं, आतलं अस्तर आणि पायाखालच्या आतल्या तळव्याची उभी कड हे सगळं पट्टीला जोडते. दुसरी उभी आणि बाहेरची: ती फक्त पट्टी आणि रस्त्याला लागणारा तळ एकत्र धरते. मधल्या पोकळीत बूच भरतात. तळ झिजला की दुसरी शिवण उसवायची. पहिली जागच्या जागी राहते, म्हणून बुटाचा घाट मोडत नाही.

ही युक्ती हाताने बूट शिवणाऱ्यांना कित्येक पिढ्या ठाऊक होती. यंत्राला ती शिकवली एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने. ऑगस्ट डेस्तुई नावाच्या माणसाने १८६२ मध्ये वाकड्या सुईच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते विकत घेऊन, कारागिरांकडून सुधारून, १८७० च्या आसपास चार्ल्स गुडइयर ज्युनियर याने कारखान्यात चालेल असं केलं. म्हणून या बांधणीला आजही गुडइयर वेल्ट म्हणतात. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करणारा चार्ल्स गुडइयर हा त्याचा बाप. टायरच्या कंपनीशी मात्र या घराण्याचा संबंध नाही. तिने पुढे १८९८ मध्ये नाव तेवढं घेतलं.

पण मला या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो तो दुसराच माणूस. शिवण यंत्रावर गेली तरी एक काम हातातच अडकून होतं: वरचं चामडं कलबुतावर ताणून बसवणं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा. बाजूंना चामडं सरळ ओढता येतं. चवड्याच्या गोल टोकाला मात्र ते जास्त होतं, तिथे बारीक, सारख्या चुण्या पाडून खिळे ठोकावे लागतात. एक चुणी जाड झाली की ती आयुष्यभर बोटाला लागणार. कसबी कारागीर दिवसाला पन्नासेक जोड ताणायचा, आणि हे काम लोखंडाला कधीच जमणार नाही असं बूट बनवणारे सगळे मानून चालले होते.

यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर १८५२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामच्या पारामारिबो शहरात जन्मला. वडील डच, आई कृष्णवर्णीय. एकोणिसाव्या वर्षी जहाजावर चढला आणि फिरत फिरत मॅसॅच्युसेट्समधल्या लिनला पोचला. लिन तेव्हा बुटांचं गाव होतं. दिवसा तो कारखान्यात तळ शिवायच्या यंत्रावर उभा राहायचा, रात्री इंग्रजी आणि यंत्रशास्त्र शिकायचा आणि हाताशी येईल त्या लाकडातारेतून नमुने बांधायचा. चामडं ताणणाऱ्यांच्या हाताकडे बघत बघत त्याने बोटांची प्रत्येक हालचाल चिमट्यांत आणि दट्ट्यांत उतरवली. २० मार्च १८८३ रोजी त्याला पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रावर दिवसाला दीडशेपासून सातशेपर्यंत जोड निघू लागले. शहरातल्या एकेका चर्चने वर्णामुळे त्याला दारातून परत पाठवलं होतं. ज्या एका चर्चने आपलं म्हटलं, त्यालाच त्याने यंत्राच्या कंपनीतल्या आपल्या समभागांचा वाटा ठेवला. १८८९ मध्ये क्षयाने तो गेला, तेव्हा वयाची सदतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अमेरिकेने त्याचं टपाल तिकीट काढायला १९९१ उजाडलं. जगभरच्या कारखान्यांत चामड्याचे असंख्य बूट आजही त्याच्या कल्पनेवर ताणले जातात. त्याचं नाव घेतलंच पाहिजे.

आता ज्या बुटांमुळे मी या नादाला लागलो, त्यांच्या गावाकडे वळतो. मिनेसोटा राज्यात मिसिसिपीच्या काठावर रेड विंग नावाचं छोटं शहर आहे. हे नाव डाकोटा लोकांच्या प्रमुखावरून पडलं. सायलस फूट याने १८७२ मध्ये तिथे चामड्याचा धंदा सुरू केला. १९०५ मध्ये चार्ल्स बेकमन या बूटविक्रेत्याने भागीदार गोळा करून रेड विंग शू कंपनी काढली. पुढे १९८० च्या दशकात कंपनीने फूटची ती टॅनरी, म्हणजे कातडं कमावण्याचा कारखानाही, विकत घेतली. कातडं कमावणं आणि बूट शिवणं एकाच गावात, एकाच मालकाकडे, ही आज फार दुर्मीळ गोष्ट आहे.

कातडं 'कमावणं' हा आपला शब्द मला फार आवडतो. कच्चं कातडं कुजतं. त्याला चामडं करायचं म्हणजे ते मिळवावंच लागतं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कित्येक दिवस मुरवतात. रेड विंगसारख्या बुटांचं चामडं बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावतात, मग त्यात तेल आणि मेण जिरवतात. क्रोमचं काम झटपट होतं, चामडं मऊ आणि पाण्याला दाद न देणारं होतं. पण त्याचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर काय होतं, ते कानपूरमधल्या जाजमऊ या चामड्याच्या कारखान्यांच्या वस्तीने गंगेच्या काठावर भोगलं आहे. म्हणून एक जोड जितकी वर्षं जास्त चालेल तितकं बरं, असं मी मनापासून मानतो.

या गावच्या दोन बुटांची ओळख करून देतो. पहिला आयर्न रेंजर. मिनेसोटाच्या उत्तरेला मेसाबी ही लोहखनिजाची रांग आहे. तिथल्या खाणकामगारांवरून हे नाव. ओळख म्हणजे चवड्यावरची टोपी: तिथे चामड्याचा दुहेरी थर आहे. आत पोलादाची वाटी नाही, फक्त एकावर एक चामडं. वरच्या छिद्रांच्या जागी हुक, म्हणजे नाडी झटकन आवळता येते. दुसरा मोकॅसिनच्या धाटणीचा, चवड्यावर गोल उभी शिवण असलेला. ती शिवण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या पादत्राणांतून आली आहे. त्याचा तळ पांढऱ्या रबराचा, सपाट, टाचेविना. त्यात चिखल अडकत नाही आणि पाऊल वाजत नाही, म्हणून १९५० च्या दशकात शिकारी, शेतकरी आणि सुतार, सगळ्यांनी तो उचलला. या बुटांवरची तिहेरी शिवण कारखान्यात अजूनही प्युरिटन नावाच्या जुन्या यंत्रांवर घालतात. ती यंत्रं आता कुणी बनवत नाही. एक बिघडलं की दुसऱ्याचे भाग काढून ते चालू ठेवायचं.

पुढे चिकटवलेले, हलके, स्वस्त बूट आले आणि कामगारांनी यातले बरेच सोडले. मग जपानमधल्या तरुणांना त्यांचं वेड लागलं आणि खाणीतला बूट शहरात फिरायला आला. आज नवीन आयर्न रेंजरला अमेरिकेत काहीशे डॉलर पडतात. इथे मागवायचा तर जकात वेगळी. ही रक्कम लहान नाही. ती घालण्याआधी काही गोष्टी नीट कळायला हव्यात, कारण जुन्या धाटणीचं रूप विकणारे पुष्कळ आहेत.

रबराच्या साच्यातच टाके उमटवून कडेला नुसती दोऱ्याची नक्षी केलेले बूट बाजारात सर्रास मिळतात. बूट उलटा करा. कडेवर दिसणारे टाके तळाच्या खालच्या बाजूने, खाचेत का होईना, निघालेले दिसतात का ते पाहा. मग आत हात घालून चाचपा: आतल्या तळव्यावर आरपार टाके लागले तर ती वेल्टची बांधणी नाही, तळ थेट आतून शिवलेला आहे. तोही बदलता येतो, पण त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि आपल्या गल्लीत ते नसतं. आपल्याकडे तामिळनाडूत आणि आग्र्यातही वेल्टचे चांगले बूट बनतात, तेव्हा नाव परदेशी आहे की देशी याला फारसं महत्त्व नाही. शिवण बघा.

मापाच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिला जोड मी नेहमीच्या बुटांच्या आकड्यावर मागवला आणि तो मोठा निघाला. आयर्न रेंजर मापाला मोठा येतो; पायाच्या खऱ्या मापापेक्षा निदान अर्धा आकडा कमी घ्यावा लागतो. पाय संध्याकाळी मोजावा, उभं राहून, दोन्ही पाय, लांबीबरोबर रुंदीही. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला कधीच नाही. तेव्हा बोटं पुढे टेकत असतील तर दुकानदार काहीही म्हणो, तो बूट परत करा. पायाच्या वरच्या बाजूला, नाडीखाली घट्ट वाटलं तर चालेल. टाच सुरुवातीला थोडी उचलली जाते, कारण तळ अजून वाकत नसतो.

नवा बूट चावतो. नव्या कोल्हापुरीला तेल पाजणाऱ्या घरात हे सांगायला नको. जाड मोजे घाला, पहिला आठवडा घरातच तासभर वापरा, आणि लवकर मऊ व्हावा म्हणून तेलात बुडवू नका. जास्तीच्या तेलाने चामडं लोळागोळा होतं. दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी तो चावायचा थांबतो. बुचात पाऊल बसलेलं असतं.

हा सगळीकडे घालायचा बूट नाही, हेही सांगतो. जोड दीड किलोहून जड असतो. भर पावसात, शेवाळलेल्या कातळावर तो घसरतो. सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीला त्याला नेऊ नये. पण त्या भटकंतीचे बूटही मी अनुभवले आहेत. एका नामांकित कंपनीचा जोड मी दोन वर्षं माळ्यावर ठेवला होता. वर नवाकोरा दिसणारा तो बूट हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर तासाभरात खालून भुगा होऊन गळला. नाडीने तळ बांधून मी पाचनईला उतरलो. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून विरतो, आणि आपल्याकडच्या हवेत दमटपणाला तोटा नाही. वर चिकटवलेल्या बुटाला नवा तळ लावायची सोयही सहसा नसते. तो जोड कचऱ्यात गेला.

चामड्याच्या बुटाला पावसाळ्यात बुरशी येते. ती ओल्या फडक्याने पुसावी, बूट सावलीत वाळवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हात ठेवला की चामड्याला भेगा पडतात, आणि त्यावर इलाज नाही. रोज एकच जोड घालू नये. घामाने भिजलेलं चामडं वाळायला एक दिवस लागतो. घोड्याच्या केसांचा ब्रश आठवड्यातून एकदा, तेल वर्षातून दोन-तीनदा. एवढंच पुरतं.

शेवटी एक विनंती. तळ घालून घ्यायला गटई स्टॉलवर जाल तेव्हा मजुरीत घासाघीस करू नका. वीस-तीस हजारांचा बूट हातात धरून, ज्या माणसाला तो खरोखर उघडता आणि बंद करता येतो त्याच्याशी पन्नास रुपयांवरून वाद घालणं बरोबर नाही. आमच्या काकांना मी त्यांनी सांगितलेले पैसे दिले. नवा तळ आता दोन वर्षांचा झाला आहे, आणि काकांच्या अंदाजाने अजून चार तरी वर्षं चालेल.