लेक कॉलेजातून गप्प परतली तर

वेळापूरहून एस.टी.ने कॉलेजला जाणारी लेक एकाएकी गप्प झाली, की "वाच्यता नको, शिक्षण सोड" असे आपल्याच घरात सांगतात. आम्हाला हे पटत नाही. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आया पोटची लेकरे गमावूनही कॉलेजांतल्या जातिभेदाविरुद्ध २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

लैंगिक छळासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवीच. तीन महिन्यांत लेखी अर्ज द्यावा. सबळ कारण असेल तर मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. चौकशी ९० दिवसांत, नाव गुप्त. जातीवरून छळ असेल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. बंधूंनो, लेकीला दोष देऊ नका. सोबत जा, अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या.