तंबाखूमुक्ती समुपदेशन, दंतवैद्यकीय शिक्षणातील

तंबाखूचे सेवन थांबविण्यासाठी रुग्णास सल्ला व साहाय्य देण्याच्या कौशल्याचे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना द्यावयाचे शिक्षण. तंबाखूजन्य पांढरे चट्टे, हिरड्यांचे विकार व मुखकर्करोग यांची प्रारंभिक लक्षणे तोंडातच दिसतात. त्यामुळे रुग्णास वेळीच सावध करण्याची संधी बहुधा दंतवैद्यास प्रथम मिळते.

महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा धूरविरहित तंबाखूचा वापर अधिक आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यातील २४.४% प्रौढ अशी तंबाखू वापरीत, तर ३.८% धूम्रपान करीत. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावणाऱ्या अनेक स्त्रियांना ते व्यसन वाटत नाही. म्हणून केवळ ‘तंबाखू खाता का?’ असे न विचारता मशेरी, तपकीर, गुटखा, विडी अशी नावे घेऊन चौकशी करण्यास विद्यार्थ्यास शिकवावे लागते. चौकशी, सल्ला, मनाच्या तयारीचा अंदाज, साहाय्य व पाठपुरावा हे समुपदेशनाचे पाच टप्पे होत. दटावणीने रुग्ण दुरावतो. त्याच्याच तोंडातील चट्टा आरशात दाखविणे अधिक परिणामकारक ठरू शकते.

या कार्यास भारतीय संशोधनाचा आधार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधक फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी १९७७ पासून तीन जिल्ह्यांतील सु. ३६,००० तंबाखूसेवकांची पाहणी केली. एर्नाकुलम जिल्ह्यात समक्ष समजावणीने अधिक लोकांनी सवय सोडली आणि पांढऱ्या चट्ट्यांचे नवे रुग्ण घटले.

नासिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील अनेक दंत महाविद्यालये संलग्न आहेत. व्याख्यानांपेक्षा बाह्यरुग्ण विभागातील प्रत्यक्ष संभाषणाच्या सरावानेच हे कौशल्य अंगी बाणते.