तैशोगोतो ते बँजो : एका जपानी तंतुवाद्याच्या प्राथमिक अध्ययनाचा विचार

प्रस्तावना :
लग्नाची वरात असो वा गणेश विसर्जनाची मिरवणूक, 'बँजो पार्टी' हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्वपरिचित आहे. मात्र ज्या वाद्यावरून या पथकाला हे नाव मिळाले ते मूळचे जपानी आहे, ही गोष्ट नाचणाऱ्यांना तर सोडाच, वाजविणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या वाद्याची घडण आणि नवशिक्याला येणाऱ्या अडचणी यांचा विचार केला आहे. लेखकाने मानवत येथे आपल्याच एका विद्यार्थ्याकडून हे वाद्य शिकण्यास प्रारंभ केला. त्या अनुभवाचा येथे आधार आहे.

उगम व घडण :
इ.स. १९१२ मध्ये नागोया येथील मोरिता गोरो यांनी हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये 'तैशो' कालखंड सुरू झाला. 'कोतो' हे तेथील प्राचीन तंतुवाद्य. या दोहोंवरून 'तैशोगोतो' हे नाव पडले. कोतोशी असलेले नाते मात्र नावापुरतेच. तेरा तारांच्या कोतोत प्रत्येक तारेखाली सरकविता येणारी स्वतंत्र घोडी असते. तैशोगोतोत टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते भारतात आले आणि 'बुलबुल तरंग' झाले. पुढे ध्वनिवर्धकाची जोड मिळून तेच मिरवणुकीतील बँजो ठरले. चामडे मढविलेला अमेरिकन बँजो हे सर्वस्वी वेगळे वाद्य होय.

अध्ययनातील अडचणी :
डाव्या हाताने कळ दाबावयाची व उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या, हे वर्णन ऐकण्यास सोपे आहे. कळांची मांडणी संवादिनीसारखीच असल्याने स्वर शोधावा लागत नाही. खरी अडचण कळ सोडताना येते. स्वराच्या सर्व तारा एकाच स्वरात, बहुधा षड्जात, मिळविलेल्या असतात. कळ उचलताच त्या मोकळ्या होतात आणि छेडलेल्या तारेवर नको असलेला षड्ज उमटतो. म्हणून पुढील कळ दाबली जाईपर्यंत मागील कळ सोडावयाची नाही. कळ अर्धवट दाबली गेल्यास तार खरखरते. संवादिनीची सवय असलेली बोटे येथे हमखास चुकतात. "सर, कळ सोडू नका," हे वाक्य पहिल्या महिन्यात लेखकाने किती वेळा ऐकले, याची गणती नाही.

मींड येथे जवळजवळ अशक्य. त्यामुळे दीर्घ स्वर नखीच्या जलद, सलग आघातांनी टिकवावा लागतो. नवशिक्याचे मनगट प्रथम याच ठिकाणी आखडते. मींड व श्रुती यांच्या अभावाचा आक्षेप संवादिनीवरही होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल झाली. आज संवादिनीशिवाय संगीत विभागाची कल्पनाही करवत नाही. बँजोबाबत असा वाद कोणी घातलाच नाही, कारण तो दारापर्यंत आलाच नाही.

स्वरलेखनाचा प्रश्न :
सदर विद्यार्थी लग्नसराईत पथकात वाजवून स्वतःचे शिक्षण शुल्क भरतो. त्याला स्वरलिपी येत नाही. एकदा ऐकलेली चाल तो दुसऱ्या खेपेस वाजवितो. तरीही प्रवेश अर्जातील कलागुणांचा रकाना त्याने कोरा ठेवला होता. कारण विचारले असता, "ते लग्नातलं आहे, सर," एवढेच तो म्हणाला. त्याच्या चाली स्वरलिपीत उतरविण्याचे काम लेखकाने हाती घेतले असून आतापर्यंत चार चाली लिहून झाल्या आहेत. त्यांतील दोन त्याने तपासून दुरुस्त करून दिल्या आहेत.